अकरा पोवळी

"अजून घाल गं अंबी चिंच. एवढ्याशानं काय निघायलंय? तांब्या-पितळेला हात आखडून चालत न्हाई."

मल्लम्मा मावशी मागच्या अंगणात पाटावर बसून राखेनं समई घासत होती. अंबिकानं बरणीतून चिंचेचा आणखी एक गोळा काढला, टबातल्या पाण्यात टाकला आणि कोळू लागली. पाणी गढूळ, तपकिरी झालं. उद्या आईची शिवगणाराधना, ती गेल्यानंतरचं कार्य. जंगम स्वामी येणार, देगलूर-उदगीरकडची माणसं येणार, आणि देवघरातल्या भांड्यांना आई दवाखान्यात गेल्यापासून कोणी हात लावला नव्हता. अंबिकाचा भाऊ रविकिरण स्वयंपाक्याला सांगायला गेला होता. अंजूवहिनी आत डाळ निवडत होती. त्यांची लेक ऋतुजा नांदेडहून यायची होती.

अंबिका एकेक भांडं उचलून टबात सोडत होती. पंचपात्र, पळी, घंटा, ताम्हण. ताम्हणात आईची पोवळ्यांची माळ पडलेली होती. दवाखान्यात हाडाचा फोटो काढताना गळ्यातलं सगळं काढायला लावलं, तेव्हा वहिनीनं ती घरी आणून तिथं ठेवली होती. विभूती सांडून मणी पांढुरके झाले होते, दोरा मळून काळा पडला होता. अंबिकानं माळ पाहिली. धुवायला पाहिजे, एवढंच तिच्या मनात आलं. ताम्हण तिनं माळेसकट टबात सोडलं आणि हात पुसून पायरीवर बसली.

गेले नऊ दिवस असंच चाललं होतं. हात आपापलं काम करत होते. कोणी चहा दिला की ती पीत होती, कोणी गळ्यात पडून रडलं की त्याची पाठ थोपटत होती. बायका आपसांत म्हणत होत्या, पोरगी लई धीराची हाय. धीर वगैरे काही नव्हता. इंजेक्शन दिल्यावर दाढेच्या जागी गाल नुसता जड लागतो, तसं तिला सगळीकडून झालं होतं.

थोड्या वेळानं तिचं लक्ष टबाकडे गेलं. ताम्हण तळाशी टेकलं होतं आणि त्यातल्या एकेका मण्याच्या अंगाला मोहरीहून बारीक बुडबुडे चिकटले होते. एक सुटायचा, वर यायचा, फुटायचा. त्याच्या जागी दुसरा.

हे काय आहे ते तिला ठाऊक होतं. तिच्याइतकं या लातूर शहरात क्वचितच कोणाला ठाऊक असेल. पोवळं म्हणजे समुद्रातल्या इवल्या जिवांनी रचलेला चुना. चुन्याला आंबट लागलं की तो विरघळतो आणि त्यातून वायू सुटतो. हात घालायचा आणि माळ बाहेर काढायची, एवढंच करायचं होतं. ती बघत बसली. किती वेळ, ते तिला नंतरही सांगता आलं नाही. पण मावशीची समई संपून घंटा घासून झाली होती.

मावशी पाणी घ्यायला नळाकडे गेली तेव्हा अंबिकानं माळ काढली. दोरा हातातच तुटला. अकरा मणी. विभूती गेली होती आणि तिच्याबरोबर लाली आणि तुळतुळीतपणाही. पीठ लागलेल्या ओठांसारखा रंग उरला होता. नखाला खरखर लागत होती. तिनं मणी रुमालात बांधले.

"अंबी, अक्काचं हवळ कुठाय गं?" मावशी बादली ठेवत म्हणाली. ती देगलूरची, पोवळ्याला ती अजून कानडीतच हवळ म्हणायची. "उद्या स्वामींसमोर ऋतुजाच्या गळ्यात घालायचंय. अक्का मला तीनदा सांगून गेली."

"दोरा कुजलाय मावशी. गाठवून आणते."

"आण. माझ्यासारखंच गाठव म्हणावं. जोडीचं हाय ते."

मावशीनं पदर सारून गळ्यातली माळ दाखवली. लालभडक, तुकतुकीत अकरा मणी. त्यांच्या आईची बावीस पोवळ्यांची एकच माळ होती. ती गेल्यावर दोघी बहिणींनी अकरा-अकरा वाटून घेतली. अंबिकाच्या आईच्या गळ्यात तिची माळ पंचेचाळीस वर्षं होती. बाबा गेल्यावर शेजारणीनं विचारलं होतं, आता कशाला लाल घालता? आई म्हणाली होती, "हे माझ्या अव्वानं दिलेलं हाय. ह्यांच्या जाण्याचा त्याला काय संबंध?"

*

अंबिका मालवणजवळच्या एका समुद्र संशोधन केंद्रात तंत्रसहायक होती. नातेवाईक तिला शास्त्रज्ञ म्हणायचे, आणि ते खोडून काढायचा तिला कंटाळा आला होता. तिचं काम टाक्यांचं. एका टाकीत साधं समुद्राचं पाणी, दुसऱ्या टाकीत तेच पाणी, फक्त नळीनं कर्बवायू सोडून थोडं आंबटाकडे सरकवलेलं. पन्नास-साठ वर्षांनी समुद्र जसा होईल असं म्हणतात, तसं. दोन्हींत प्रवाळाचे तुकडे. एकाच प्रवाळाचे दोन तुकडे करायचे, एक इकडे ठेवायचा, एक तिकडे. केंद्रात त्यांना भावंडं म्हणत. दर मंगळवारी अंबिका एकेक तुकडा नायलॉनच्या दोऱ्यानं तराजूखाली पाण्यातच टांगायची आणि वजन लिहायची. पाहुण्यांना दोन्ही टाक्या सारख्याच दिसत. आंबट टाकीतला तुकडा मरत नसे, रंग टाकत नसे. फक्त त्याचं वजन भावंडाइतकं वाढत नसे.

हे तिनं आईला मागच्या वर्षी सांगितलं होतं. याच अंगणात. आई चिंच फोडत बसली होती. चिंचोके एकीकडे, गर एकीकडे.

"समुद्र आंबट कसा होईल? खारट असतो म्हणतात की," आई म्हणाली. तिनं समुद्र पाहिलेला नव्हता. दर वर्षी मालवणला यायचं ठरायचं आणि दर वर्षी काहीतरी निघायचं.

"खारटच राहतो. पण गाड्यांचा, कारखान्यांचा जो धूर हवेत जातो, त्यातला वायू समुद्र पितो. त्यानं पाणी जरासं आंबटाकडे जातं. जिभेला कळणार नाही इतकं."

"आंबलाय म्हण की. माझ्यासारखा." आई हसली. "आणि मग ते पोवळं मरतं?"

"लगेच नाही मरत. त्याला घर बांधायला पाण्यातून चुना घ्यावा लागतो. तो मिळेनासा होतो. मिळवायचा तर जास्त जीव काढावा लागतो. मग वाढ कमी होते. वाढलं तरी आतून विरळ."

"वरून कळत न्हाई?"

"नाही."

"मग तुला कसं कळतं?"

"वजन करते."

आईनं चिंचेच्या गराला मीठ चोळलं, गोळे वळले आणि बरणीत भरले. आज टबात गेले ते तेच गोळे.

फोनवर आईचं एक ठरलेलं वाक्य होतं. कशी आहेस म्हटलं की, "बरी हाय. अंग आंबलंय जरा." तीन वर्षं ती हे म्हणत होती. अंबिका म्हणायची, आराम कर. कधी म्हणायची, वहिनीला सांग की पाय दाबायला. मग दोघी पावसापाण्याचं बोलायच्या, आणि आई विचारायची, तुझी पोवळी काय म्हणतात?

पंचवीस दिवसांपूर्वी आई न्हाणीच्या उंबऱ्याला अडखळली. पडली असंही म्हणता येणार नाही, वहिनी सांगत होती, खाली बसल्यासारखी झाली. तेवढ्यानं खुब्याचं हाड मोडलं. अंबिका रात्रभराचा प्रवास करून आली तेव्हा डॉक्टरांनी उजेडासमोर फोटो धरला. "हाड आतून विरळ झालंय. हे एका दिवसात होत नाही. आधी कुठं दुखायचं यांना? कंबर? पाठ? मांड्या?"

रविकिरणनं अंबिकाकडे पाहिलं. अंबिकानं रविकिरणकडे. दोघांनाही माहीत नव्हतं. फोटोत हाडाच्या जागी करड्या रंगाची विरळ जाळी होती. केंद्रात प्रवाळाच्या कापांचे असेच फोटो काढतात. ती जाळी अंबिकानं शेकडो वेळा पाहिली होती. ओळखायला तिला क्षणभरही लागला नाही.

शस्त्रक्रिया झाली, मग छातीत पाणी झालं, सोळाव्या दिवशी आई गेली. समाधीत बसवताना तिच्या तळहातावर तिचं इष्टलिंग ठेवलं. मूठभर माती अंबिकानंही टाकली.

*

गंजगोलाईतल्या सराफ लायनीत बसलिंगप्पांचं दुकान जुनं. लाकडी पायरी, पांढरी गादी. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि उठून उभे राहिले.

"शरणार्थ, आक्का. या, बसा. लक्ष्मम्मांचं कळलं. लई वाईट झालं."

"शरणार्थ."

"मागल्या श्रावणात आल्त्या की इथं. ह्याच गादीवर बसून मला म्हणल्या, माझी लेक समुद्रातली पोवळी मोजते. मी म्हणलं, मोजते का विकते? तर म्हणल्या, न्हाई, तब्येत बघते त्यांची." ते हसले, मग हसणं आवरलं. "बोला. काय सेवा?"

अंबिकानं रुमाल सोडला. बसलिंगप्पांनी एक मणी चिमटीत धरला, डोळ्याला भिंग लावलं आणि तो फिरवून फिरवून पाहिला.

"लिंबू कुणी टाकलं?"

"चिंच."

"तेच की. लोकांना सांगून सांगून दमलो. खरं-खोटं बघायला जे ते पोवळ्यावर लिंबू पिळतं." त्यांनी मणी गादीवर ठेवला. "पण ह्याला पास झालं म्हणायचं बघा. अस्सल होतं म्हणून खाल्लं गेलं. प्लॅस्टिक असतं तर तुमच्या चिंचेनं त्याचं काय वाकडं होणार होतं?"

"परत येईल का?"

"पॉलिश करता येतं. पण खालून चांगलं लागेपर्यंत घासावं लागतं. मसुराएवढे राहतील. आणि दोन-तीन तर फुटतीलच, हे बघा, इथं भोकापाशी कड गेलीय." त्यांनी मागचा खण ओढला आणि कागदाची पुडी उलगडली. लाल मणी, एकसारखे, ओले असावेत तसे चमकणारे. "हे घ्या अकरा. मापाचे हायत. रंगवलेले हायत, खोटं बोलत न्हाई. पण दोऱ्यात ओवल्यावर मला सोडून कुणाच्या बापाला कळणार न्हाई. घरात उद्या कार्य हाय तुमच्या. वाईट दिसू नये."

अंबिकानं त्यातला एक मणी बोटांवर घेतला. हलका, गुळगुळीत होता. उद्या ऋतुजाच्या गळ्यात हे असतील. मावशी म्हणेल, बघ, कसं लखलखायलंय अक्काचं हवळ. ऋतुजा ते तिच्या मुलीला देईल. वरून कळणार नाही. तिला वाटलं, घ्यावेत. एवढं एक काम तरी नीट झाल्यासारखं दिसेल.

तिनं मणी पुडीत परत ठेवला.

"काका, हे जुने जरा तोलता का?"

"मोडायचं हाय?"

"नाही. नुसतं वजन."

बसलिंगप्पांनी काचेच्या पेटीतला काटा पुढं ओढला आणि अकरा मणी वाटीत सोडले. "सहा ग्रॅम, चारशे वीस मिली." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "आणि आधी किती होतं?"

अंबिका त्या आकड्याकडे पाहत राहिली. दर मंगळवारी तिच्या वहीत दोन रकाने असतात. आधीचं आणि आत्ताचं. एकट्या आकड्याला काही अर्थ नसतो. आधीचं वजन तिनं कधी घेतलंच नव्हतं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "हेच गाठवून द्या."

*

मावशीनं माळ हातात घेतली, उजेडाला धरली, अंगठा फिरवला. अंजूवहिनी दारात उभी होती. नांदेडच्या कॉलेजातून दुपारीच आलेली ऋतुजा पाणी पिता पिता थांबली.

"हे अक्काचं हाय?"

"हो."

"काय झालं गं ह्याला?"

"मी चिंचेच्या पाण्यात टाकली. भांड्यांबरोबर." अंबिकाचा आवाज सरळ होता, टाकीचं तापमान वाचून दाखवावं तसा. "न बघता नाही टाकली. बघून टाकली. मग बुडबुडे यायला लागले. तेव्हा काढायला पाहिजे होती. मी काढली नाही. बघत बसले."

"का?"

"माहीत नाही, मावशी."

मावशीनं गळ्यातली माळ काढली आणि दोन्ही माळा पाटावर शेजारी शेजारी ठेवल्या. एक लालभडक, दुसरी फिकी, भुरकट. एका आईच्या. वहिनी उगाच पदर सारखा करत राहिली.

"तुझं कामच ते ना गं?" मावशी शेवटी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून अंबिकाला जास्त लागायला हवं होतं. "अक्का सगळ्या गल्लीत सांगत फिरायची, माझी लेक पोवळ्याला जपते म्हणून."

"हो."

"आज्जी, असू दे की," ऋतुजा मध्येच म्हणाली. तिनं फिकी माळ उचलून गळ्याशी धरली आणि खिडकीच्या काचेत पाहिलं. "ह्याला मॅट फिनिश म्हणतात. आमच्या कॉलेजात समद्या पोरी हेच शोधत फिरायल्यात."

"कोणचं फिनिश?"

"मॅट. म्हणजे न चमकणारं."

"न चमकणारं शोधत फिरायल्या? येड्या हायत का काय?" मावशीच्या तोंडून हसू फुटलं आणि त्यातच तिचे डोळे भरले. तिनं ते मनगटानं पुसले, ऋतुजाच्या हातून माळ घेतली, देवघरातून खोबरेल तेलाची वाटी आणली आणि एकेका मण्याला बोटानं तेल चोळू लागली.

"पोवळ्याला माणसाच्या अंगाचं तेल लागतं. घालून घालून थोडं येईल. सगळं न्हाई येणार." मग अंबिकाकडे न बघता, "तुझ्या टाकीतलं येतं का गं परत?"

"नाही."

"मग काय करता तुम्ही त्याला?"

"वजन करतो. लिहून ठेवतो."

मावशी चोळत राहिली. अकरावा मणी झाल्यावर म्हणाली, "कोणी तरी लिहायला पाहिजेच की."

*

दुसऱ्या दिवशी स्वामींची पाद्यपूजा झाली, मंत्र झाले. आईच्या फोटोला हार घातला. मावशीनं माळ अंबिकाच्या हातात दिली आणि अंबिकानं ती ऋतुजाच्या गळ्यात बांधली. उदगीरच्या कोणा बाईनं शेजारणीला हळूच विचारलं, हे कसलं गं, मातीचं का? शेजारीण म्हणाली, न्हाई, पोवळं हाय, जुनं असेल. ऋतुजानं ते ऐकलं आणि माळ ओढणीखाली न सारता वर काढून ठेवली.

जंगमांची पंगत उठली. पाहुण्यांची बसली, उठली. दुपार कलल्यावर शेवटच्या पंगतीला घरचे बसले. अंबिका भिंतीला टेकून पत्रावळीसमोर बसली. समोर ऋतुजा होती. ती वाकून भात कालवत होती, आणि माळ पुढं झुकून हलत होती.

मावशी हुग्गीचं, गव्हाच्या खिरीचं पातेलं घेऊन वाढत आली. सकाळपासून ती बसली नव्हती. अंबिकाच्या पत्रावळीपाशी पळी थांबली.

"जेवत का न्हाईस? तोंड बघ कसं झालंय. बरी हायस ना गं?"

"बरी आहे," अंबिका म्हणाली. "अंग आंबलंय जरा."

शब्द तोंडातून गेल्यावर तिला ते ऐकू आले.

मावशीनं पातेलं खाली ठेवलं. गुडघ्यावर हात देत, कण्हत ती अंबिकासमोर जमिनीवर बसली. मागून कोणीतरी म्हणत होतं, इकडं हुग्गी आणा की ओ. मावशीनं तिकडं पाहिलं नाही. तिनं तेलकट हात पदराला पुसला आणि अंबिकाच्या दंडावर ठेवला.

"कुठं?" ती म्हणाली.

अंबिकानं दंडावरच्या त्या हाताकडे पाहिलं.

"कुठं आंबलंय गं? पाठीत? का इथं, खांद्यात?" मावशीचा अंगठा दंडावरून वर सरकत, जागोजागी दाबत चालला होता. "नुसतं आंबलंय म्हणून मला कसं कळंल? दाखव. हात ठेवून दाखव."

अंबिकानं उष्टा हात पत्रावळीवरून उचलला. मग तो खाली ठेवून दुसरा उचलला. तो हात थोडा वेळ तसाच, कुठं ठेवायचा ते न कळून, अधांतरी राहिला. मावशी वाट बघत बसून राहिली.